महोत्सवात अनोळखी माणसांशी इंग्रजीत बोलायला सुरुवात कशी करावी

इंग्रजी वाचून समजतं, परीक्षेत लिहिताही येतं, पण समोर माणूस उभा राहिला की तोंडून शब्द फुटत नाही, अशी ज्यांची अडचण आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सरावासाठी मी एकच जागा सुचवणार आहे: सांस्कृतिक महोत्सव. नाच, गाणं, नाटक, हस्तकला, चित्रं, निरनिराळ्या देशांचे मंडप असं सगळं एका आवारात असतं आणि दूरदूरची माणसं तिथे दिवसभर रेंगाळत असतात, तसा कोणताही महोत्सव चालेल.

हीच जागा का? कारण इथे तुमच्या आणि अनोळखी माणसाच्या मध्ये एक वस्तू असते. प्रवासात शेजारच्याशी बोलायचं तर विषय शोधावा लागतो. महोत्सवात तुम्ही दोघंही एकाच मुखवट्याकडे बघत असता, एकाच ढोलाचा आवाज ऐकत असता. विषय आधीच समोर असतो. स्वतःबद्दल बोलायची वेळ बऱ्याच उशिरा येते आणि तोवर जीभ थोडी सैल झालेली असते.

दुसरं कारण असं की तिथे इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांची ती मातृभाषा नसते. जगात इंग्रजी जन्मापासून बोलणाऱ्यांपेक्षा ती नंतर शिकलेले लोक जास्त आहेत. समोरचाही मनात शब्द जुळवत असण्याची शक्यता मोठी असते. तो तुमची परीक्षा घ्यायला उभा नसतो.

एक पथ्य मात्र सुरुवातीलाच सांगतो. ज्याला तुमची भाषा येते, त्याच्याशी सरावासाठी मुद्दाम इंग्रजीत बोलू नका. दोघांनाही अवघडल्यासारखं होतं आणि संभाषण खोटं वाटू लागतं. जिथे इंग्रजीवाचून दोघांचं अडेल, तिथेच इंग्रजी काढा. मग ती सरावाची न राहता गरजेची होते.

भीती वाटते, ती कितपत खरी?

बहुतेकांना वाटतं की अनोळखी माणसाला आपला त्रास होईल. शिकागोमध्ये निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी ट्रेन आणि बसच्या प्रवाशांवर केलेले प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शेजाऱ्याशी बोलत गेलो तर प्रवास कंटाळवाणा होईल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला सांगितलं होतं त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त आनंदाचा झाला. पुढे २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पहिल्या भेटीनंतर आपण समोरच्याला किती आवडलो, याचा आपला अंदाज खऱ्यापेक्षा कमीच असतो. हे अभ्यास भाषा शिकणाऱ्यांवर केलेले नाहीत, तरी ते मला फार धीर देतात. बोलून झाल्यावर ‘काय बोललो मी हे’ असं जे मनात येतं, त्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

पायरी १: घरी अर्धा तास

महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका आधी मिळवा. त्यातल्या तीनच गोष्टी निवडा, ज्या तुम्हाला मनापासून बघायच्या आहेत. आवड खरी असेल तर प्रश्न आपोआप सुचतात, नसेल तर पाठ केलेले प्रश्न पोपटासारखे बाहेर पडतात.

निवडलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी सातआठ शब्द काढा. विणकाम बघणार असाल तर ‘लूम’, ‘थ्रेड’, ‘डाय’, ‘पॅटर्न’. मातीकाम असेल तर ‘क्ले’, ‘ग्लेझ’, ‘किल्न’. वाद्य असेल तर ‘स्ट्रिंग’, ‘ट्यून’, ‘बीट’. ऐन वेळी साध्या क्रियापदापेक्षा असं नामच जास्त दगा देतं, असा माझा अनुभव आहे.

मग एक तोंडी सराव. कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि नंतर पॉल नेशन यांच्या लेखनामुळे शिक्षकांमध्ये रुळलेली एक पद्धत आहे, तिला ४-३-२ म्हणतात. एकच गोष्ट आधी ४ मिनिटांत सांगायची, मग दुसऱ्या माणसाला तीच ३ मिनिटांत आणि तिसऱ्याला २ मिनिटांत. माणसं नसतील तर आरशासमोर किंवा फोनवर रेकॉर्ड करत सांगा. विषय घ्या: ‘मी या महोत्सवाला का आलो आणि काय बघायचं आहे’. तिसऱ्या वेळी तेच बोलणं बरंच सरळ येतं, कारण मजकूर शोधण्याचं ओझं उतरलेलं असतं. महोत्सवात हाच विषय तुम्हाला दहा जण विचारणार आहेत.

पायरी २: उभं कुठे राहायचं

पहिलं संभाषण माहिती कक्षातल्या स्वयंसेवकाशी करा. उत्तर देणं हे त्याचं कामच असतं, त्यामुळे नकाराची धास्ती नाही. ‘एक्सक्यूज मी, व्हॉट टाइम डज द पपेट शो स्टार्ट?’ एवढंच. उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी पहिल्या दिवशी विचारायला हरकत नाही. घसा मोकळा करण्यासाठी ते आहे.

त्यानंतर रांग. रांगेसारखी दुसरी सोयीची जागा नाही. दोघांनाही वेळ घालवायचा असतो, तोंडं एकाच दिशेला असल्यामुळे नजरेला नजर देत राहावं लागत नाही आणि दार उघडलं की बोलणं आपसूक संपतं. ‘हॅव यू सीन दिस ग्रुप बिफोर?’ या एका प्रश्नावर रांग पुढे सरकेपर्यंत बोलता येतं.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे कार्यशाळेचं टेबल. हात कामात असले की शांतता बोचत नाही. दोन मिनिटं गप्प राहिलात तरी कुणाला वावगं वाटत नाही, तुम्ही गाठ बांधत असता. त्या दोन मिनिटांत पुढचं वाक्य जुळवून होतं.

रंगमंचाच्या स्पीकरजवळ मात्र प्रयत्न करू नका. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये ही गोष्ट नोंदवली, म्हणून तिला लोंबार परिणाम म्हणतात. आवाज चढला की नवख्याचे उच्चार आणखी फिसकटतात आणि समोरच्याचे शब्दही अर्धेच कानावर येतात. चार पावलं बाजूला सरका.

पायरी ३: पहिलं वाक्य

‘हॅलो, माय नेम इज...’ने सुरुवात करू नका. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ हाही पहिला प्रश्न नको. त्यात समोरच्याला चौकशी झाल्यासारखी वाटते. आधी समोरच्या वस्तूबद्दल एक साधं वाक्य आणि त्याला जोडून एक सोपा प्रश्न, एवढी जोडी पुरते.

‘द कलर्स आर ब्यूटिफुल. डू यू नो व्हॉट इट्स मेड ऑफ?’
‘दॅट लास्ट डान्स वॉज सो फास्ट! डिड यू अंडरस्टँड द स्टोरी?’
‘आय हॅव नेव्हर सीन दिस इन्स्ट्रुमेंट. व्हॉट इज इट कॉल्ड?’

मराठीत आदर क्रियापदातच येतो, ‘सांगाल का?’ म्हटलं की झालं. इंग्रजीत ‘यू’ सगळ्यांना सारखंच, म्हणून आदर ‘कुड यू’ किंवा ‘वुड यू’ने दाखवतात. ‘टेल मी’ऐवजी ‘कुड यू टेल मी’. एवढ्या फरकाने आवाजातला हुकूम जातो.

इथे एका प्रश्नापासून सावध करतो, कारण मी त्यात फसलो आहे. एका नाटकाआधी बाकावर एक बाई एकट्या बसल्या होत्या. मी पाठ केलेलं वाक्य विचारलं, ‘वुड यू माइंड इफ आय सिट हिअर?’ त्या हसून म्हणाल्या, ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल.’ मी ‘नो’ ऐकलं, ‘सॉरी’ म्हणालो आणि मागे जाऊन उभा राहिलो. ‘माइंड’ म्हणजे हरकत असणं, म्हणून ‘नो’ म्हणजे हरकत नाही, बसा, हा अर्थ मला नाटक सुरू झाल्यावर उमगला. त्या माणसाने आपल्याला जागा दिली होती आणि आपण ती नाकारून निघून गेलो, याची चुटपुट पूर्ण प्रयोगभर होती. म्हणून नवख्यांनी सरळ ‘कॅन आय सिट हिअर?’ विचारावं. त्याला ‘यस’ म्हणजे यसच.

पायरी ४: दुसरा प्रश्न

पहिलं वाक्य पाठ करता येतं, दुसरं येत नाही. बहुतेक संभाषणं इथेच मरतात. उत्तर आलं की आपण ‘ओके, नाइस’ म्हणतो आणि आपल्या यादीतला पुढचा प्रश्न काढतो.

यादी सोडा. समोरच्याच्या उत्तरातला एक शब्द पकडा आणि त्यालाच प्रश्नचिन्ह लावा. तो म्हणाला, ‘माय ग्रँडफादर टॉट मी’, तर तुम्ही म्हणा, ‘युअर ग्रँडफादर? वॉज ही अ म्युझिशियन टू?’ यात तीन फायदे आहेत. शब्द त्याचाच असल्यामुळे तो बरोबर असतो. तो पुन्हा उच्चारताना तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. आणि आपलं बोलणं लक्ष देऊन ऐकलं जातंय, हे त्याला कळतं.

पायरी ५: समजलं नाही, हे सांगणं

या लेखात मला खरं म्हणजे हेच सांगायचं आहे, बाकी सगळं इथपर्यंत पोचण्यासाठी होतं.

सुरुवातीच्या काळात मी एका वादक बाईंशी बोलत होतो. त्यांनी दोन तंतुवाद्यांतला फरक मन लावून समजावला. मला निम्मंही कळत नव्हतं, पण मी मान डोलवत होतो, ‘यस, यस’ म्हणत होतो. शेवटी त्यांनी उत्सुकतेने विचारलं, ‘सो, व्हिच वन डिड यू लाइक मोअर?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा उत्साह ओसरताना मला दिसला. माझ्या व्याकरणामुळे त्या दुखावल्या नव्हत्या. आपण बोलत होतो ते पोचलंच नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटलं.

पुढच्या वेळी एका छायाबाहुल्या बनवणाऱ्याच्या स्टॉलवर मी वेगळं वागायचं ठरवलं. छायाबाहुली म्हणजे चामड्यातून कापलेली सपाट आकृती, पडद्यामागे दिवा लावून जिची रंगीत सावली पाडतात ती. मी विचारलं, ‘इज दिस लेदर?’ तो म्हणाला, ‘गोटस्किन. वी स्क्रेप इट अंटिल द लाइट कम्स थ्रू.’ ‘स्क्रेप’ मला कळला नाही. मी म्हणालो, ‘सॉरी, स्क्रेप? व्हॉट डज दॅट मीन?’ त्याने उत्तर दिलं नाही. पाट ओढला, त्यावर कातड्याचा तुकडा ताणून धरला आणि पातं आडवं धरून घासायला लागला. पांढुरका भुसा निघाला. मग तो तुकडा त्याने दिव्यासमोर धरला, त्यातून त्याची बोटं दिसत होती. ‘स्क्रेप,’ तो म्हणाला. ‘स्क्रेप,’ मी म्हणालो. तो शब्द मी त्यानंतर कधी विसरलो नाही आणि त्यापुढचा अर्धा तास आम्ही बोलत होतो.

भाषाशिक्षणाच्या अभ्यासात याला पाया आहे. मायकल लाँग यांनी १९८०च्या दशकात मांडलं की संभाषणात अर्थ अडतो आणि दोघं मिळून तो सोडवतात, पुन्हा सांगतात, सोपं करतात, खात्री करून घेतात, तेव्हा शिकणाऱ्याला भाषा आत्मसात व्हायला मदत होते. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या मुलांबद्दल लिहिलं. ती मुलं वर्षानुवर्षं शाळेत फ्रेंचमधून शिकत होती, त्यांना समजत उत्तम होतं, पण बोलणं आणि लिहिणं त्या मानाने मागे होतं. नुसतं ऐकून भागत नाही, स्वतः बोलताना आपल्याला काय येत नाही ते लक्षात येतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्यातल्या कितीतरी जणांची गोष्ट हीच आहे.

तेव्हा ही वाक्यं पहिल्या वाक्याइतकीच घोटून ठेवा:

‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट.’
‘कुड यू से दॅट अगेन, अ लिट्ल स्लोअर?’
‘डू यू मीन लाइक दिस?’ (आणि हाताने करून दाखवा.)

नुसतं ‘व्हॉट?’ म्हणू नका, ते उद्धट वाटतं. आणि सगळंच पुन्हा विचारण्यापेक्षा जिथे अडलं तो शब्द उचलून विचारा, समोरच्याला नेमकं काय सांगायचं ते कळतं.

‘सॉरी फॉर माय बॅड इंग्लिश’ मात्र कृपा करून म्हणू नका. ते ऐकून समोरच्याला तुमचं सांत्वन करत बसावं लागतं. त्याऐवजी एकदाच, सरळ आवाजात सांगा, ‘आय अ‍ॅम लर्निंग इंग्लिश, सो आय मे आस्क यू टु रिपीट.’ तो आपोआप सावकाश बोलू लागतो.

पायरी ६: मध्येच अडकलात तर

टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १० भाषांमधली संभाषणं तपासली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा अवकाश सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघाला. परक्या भाषेत शब्द शोधणाऱ्याला इतक्या झटपट उत्तर जमणं कठीण, म्हणून आपल्याला आपली शांतता फार लांब वाटते. ती रिकामी ठेवण्यापेक्षा ‘लेट मी थिंक...’, ‘हाउ डू आय से दिस...’ असं काही बोला. मी उत्तर देणार आहे, थांबा, एवढं त्यातून कळतं.

शब्दच आठवत नसेल तर त्याच्या भोवतीने जा. ‘लूम’ आठवला नाही, तर ‘द वुडन थिंग फॉर मेकिंग क्लॉथ’. समोरचा तो शब्द तुमच्या हातात ठेवतो.

व्याकरणाच्या चुका बोलताना सुधारत बसू नका. तरी मराठीतून थेट उतरणाऱ्या दोन सवयी आधीच माहीत असाव्यात, कारण त्यांनी अर्थ अडतो. आपण ‘छान आहे’ म्हणतो, कर्ता लागत नाही. म्हणून तोंडून ‘इज व्हेरी नाइस’ निघतं. इंग्रजीला ‘इट’ लागतोच. दुसरी सवय नकारार्थी प्रश्नाची. ‘आवडलं नाही का?’ याला आपण ‘हो, नाही आवडलं’ म्हणतो. ‘डिडन्ट यू लाइक इट?’ याला तसंच ‘यस’ म्हणालात तर आवडलं असा अर्थ होतो. नुसत्या ‘यस-नो’वर थांबू नका, ‘नो, आय डिडन्ट’ किंवा ‘यस, आय लव्ह्ड इट’ असं पूर्ण म्हणा.

उच्चारांत एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: शब्दातला जोर. ‘परफॉर्मन्स’मध्ये जोर ‘फॉर’वर, ‘फेस्टिव्हल’मध्ये ‘फे’वर. गर्दीत बाकीचे आवाज हवेत विरले तरी जोराच्या जागेवरून शब्द ओळखू येतो.

कुणाशी बोलू नये, काय विचारू नये

प्रयोगाला निघालेला कलाकार, कानात हेडफोन घातलेला माणूस, ग्राहकांशी व्यवहार करत असलेला विक्रेता, यांना त्या क्षणी सोडा. वय, लग्न, पगार, धर्म हे प्रश्न नकोत, आपल्याकडे आपुलकीने विचारले जात असले तरी. फोटो काढायचा तर आधी विचारा.

एकशब्दी उत्तरं येऊ लागली, खांदे दुसरीकडे वळले, नजर फोनकडे गेली, की ‘एंजॉय द फेस्टिव्हल’ म्हणून निघा. पुरुषांना विशेष सांगतो: एकट्या बाईशी बोलताना चार माणसांत, उघड्यावर, अंतर ठेवून बोला, फोन नंबर मागू नका आणि पुढच्या मंडपात मागोमाग जाऊ नका. ती माणसं त्यांच्या आनंदासाठी आलेली आहेत, आपल्या सरावासाठी नाही.

पायरी ७: निरोप

अ‍ॅडम मॅस्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांच्या २०२१ मधल्या अभ्यासात दोघांनाही हवं तेव्हा संपलेली संभाषणं जेमतेम २ टक्के निघाली. म्हणजे नेमका क्षण कुणालाच साधत नाही. रंगत आहे तोवरच निघालेलं बरं: ‘आय वोन्ट टेक मोअर ऑफ युअर टाइम. थँक यू, आय लर्न्ट अ लॉट.’ नाव विचारायचं तर आता विचारा, आणि नुसतं ‘व्हॉट्स युअर नेम?’ पुरे, ‘गुड नेम’ नको.

त्याच रात्री

एका दिवसात तीन संभाषणं पुष्कळ झाली. झोपण्यापूर्वी वहीत दोनच गोष्टी लिहा: मला हवा होता पण सापडला नाही असा शब्द, आणि समोरच्याने वापरलेलं एक वाक्य जसंच्या तसं. मग तो हुकलेला शब्द शोधून काढा आणि घरातल्या कुणाला तरी दिवसाची हकिगत इंग्रजीत सांगा.

महोत्सव दोनतीन दिवसांचा असेल तर दुसऱ्या दिवशी कालच्याच माणसाकडे परत जा. नवीन माणूस शोधण्यापेक्षा हे सोपं असतं आणि जास्त शिकवून जातं. मी त्या बाहुलीवाल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो आणि म्हणालो, ‘आय टोल्ड माय सिस्टर हाउ यू स्क्रेप द स्किन.’ त्याने हातातलं पातं खाली ठेवलं, शेजारच्या स्टुलावरचे कातड्याचे तुकडे उचलले आणि ते स्टूल माझ्याकडे सरकवलं.